सायकलचे इंजिन आणि चोरटी हवा

साध्या सायकलच्या त्रिकोणी चौकटीत बसणारे टू-स्ट्रोक इंजिन चीनमधील कारखान्यांत तयार होते आणि टाकी, कार्ब्युरेटर, साखळी व दातेरी चक्रासह एकाच खोक्यातून विकले जाते. अमेरिकेत असा संच आणून घरच्या घरी जोडणाऱ्या हौशी कारागिरांचा वर्ग बराच मोठा आहे. खोक्यावर ‘८० सीसी’ असे छापलेले असले, तरी यांतील अनेक इंजिनांच्या सिलिंडरचा व्यास ४७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ३८ मिलिमीटर असल्यामुळे प्रत्यक्ष क्षमता ६६ सीसीच्या आसपासच भरते. सायकलला इंजिन जोडण्याची कल्पना मात्र जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, जपानच्या हामामात्सु शहरात सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस यंत्रांसाठी बनवलेली छोटी शिल्लक इंजिने सायकलींवर बसवून विकण्यास सुरुवात केली, आणि १९७२ पासून महाराष्ट्राच्या रस्त्यांवर धावलेली पायडलची लुना हीदेखील याच कुळातली. भारतात असा संच वापरू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी, ती अशी की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनांपैकी फक्त २५ सीसीपर्यंतच्या इंजिनांना ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून वगळले आहे; त्यामुळे ६६ सीसीचे इंजिन लावलेली सायकल कायद्याच्या दृष्टीने सायकल राहत नाही.

हे इंजिन स्वस्त असते याचा अर्थ त्याची रचना चुकीची असते असा नाही. ओतकाम आणि मूळ आखणी बहुधा पुरेशी असते, काटकसर होते ती पॅकिंग, नट-बोल्ट, वायरींचे जोड आणि रबरी नळ्या यांत. म्हणूनच दुरुस्तीस बसणाऱ्याने सिलिंडर उघडण्याची घाई न करता आधी सांधे पाहावेत, आणि एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम तपासावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर इंजिन सुरू झाले तरी दोष कोणता होता हे कळत नाही.

इंजिन मुळीच सुरू होत नसेल, तर पहिली शंका ठिणगीची घ्यावी. प्लग काढून टोपीत पुन्हा बसवावा, त्याचा धातूचा भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवावा आणि मागचे चाक उचलून इंजिन फिरवावे. प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर पडत असल्याने प्लग त्या भोकापासून दूर धरणे आवश्यक आहे. ठिणगी नसल्यास इंजिन बंद करण्याच्या खटक्याची वायर सोडवून पुन्हा पाहावे, कारण हा खटका आतून अर्थ झालेला असणे हा या संचातील नेहमीचा दोष आहे. तरीही ठिणगी न आल्यास मॅग्नेटोची कॉइल, म्हणजे फिरत्या चुंबकाजवळ बसून वीज निर्माण करणारे तारेचे वेटोळे, मल्टिमीटरने तपासावी. निळ्या आणि काळ्या वायरींमधला रोध साधारण ३०० ते ४०० ओहम असतो, तो अगदीच शून्याजवळ किंवा अनंत दिसला तर कॉइल गेली असे समजावे.

ठिणगी चांगली असून इंजिन दाद देत नसेल, तर पेट्रोलचा मार्ग पाहावा. टाकीतील रंगाचे कपचे आणि गंज कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रात, अडकतात. इंजिन काही मिनिटे नीट चालून बंद पडत असेल आणि टाकीचे झाकण सैल करताच सुधारत असेल, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळी वंगणव्यवस्था नसते, ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. २५ भाग पेट्रोलला एक भाग, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, हे प्रमाण नेहमीच्या वापरास चालते आणि नव्या इंजिनासाठी काही जण लिटरला ६० मिलिलिटरपर्यंत जातात. ऑइलात केलेली बचत मात्र पिस्टन आणि बेअरिंग या दोघांनाही भोवते.

सर्वांत फसवा दोष हवेच्या गळतीचा आहे, आणि तो समजण्यासाठी या इंजिनाची श्वास घेण्याची रीत समजून घ्यावी लागते. पिस्टन वर जातो तेव्हा त्याच्याखालच्या क्रँककेसमध्ये पोकळी निर्माण होऊन कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत ओढले जाते, आणि पिस्टन खाली येतो तेव्हा तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटांनी सिलिंडरच्या वरच्या भागात शिरते. क्रँककेस येथे पंपाचे काम करते. त्यामुळे कार्ब्युरेटरचा जोड, सिलिंडरखालचे पॅकिंग किंवा क्रँकशाफ्टचे ऑइल सील यांपैकी कोठेही फट राहिली, की पेट्रोल आणि ऑइल न घेतलेली कोरडी हवा आत येते. अशा वेळी अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप जोरात फिरत राहते. नवख्या माणसाला हे इंजिनाच्या ताकदीचे लक्षण वाटते, पण प्रत्यक्षात इंधन कमी पडल्याने इंजिन तापत असते, वंगण अपुरे असते, आणि शेवटी पिस्टन सिलिंडरला चिकटून इंजिन जाम होते. प्लगचे टोक पांढुरके दिसणे ही त्याची पूर्वसूचना होय. विटकरी-तपकिरी रंग निरोगी मिश्रणाचा, तर काळे ओले टोक जास्त पेट्रोलाचे. संशयित सांध्यावर इंजिन चालू असताना साबणाचे पाणी हळूहळू सोडावे. आवाज बदलला की गळती तेथेच आहे. पेट्रोल फवारून ही परीक्षा करणे धोक्याचे आहे.

गळती मिटवल्यावरच कार्ब्युरेटरच्या सुईला हात लावावा. सुईवरील क्लिप खालच्या खाचेत बसवली की सुई उचलली जाऊन पेट्रोल वाढते, वरच्या खाचेत बसवली की कमी होते. गळती तशीच ठेवून सुई हलवणाऱ्याला मिश्रण कधीच स्थिर मिळत नाही. हेडच्या कडेने ऑइल पाझरत असेल, तर हेडचा पृष्ठभाग सपाट काचेवर ठेवलेल्या बारीक पॉलिश पेपरवर घासून सरळ करतात आणि चारही नट समोरासमोरच्या जोडीने, थोडे थोडे करून आवळतात. एकच नट पुरता आवळला, तर हेड तिरके बसते आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे निघून येतात.

या सर्व जोडांचा शत्रू कंप आहे, आणि त्याची सर्वांत गंभीर बाजू इंजिनाच्या बाहेर दिसते. साखळी ताणून धरणारी पुली सायकलच्या मागच्या नळीला केवळ पट्टीने आवळलेली असते. ती सैल होऊन फिरली, की साखळीसह चाकाच्या आऱ्यांत शिरते आणि धावती सायकल क्षणात अडकते. ही पुली नळीला पक्क्या बोल्टने बांधावी, मागचे दातेरी चक्र चाकाशी समकेंद्र आहे की नाही ते चाक हाताने फिरवून पाहावे, आणि प्रत्येक फेरीआधी पाना लावून तिचा बोल्ट तपासावा.