तुटलेला स्टड, गेलेले आटे: गॅरेजचा नफा इथेच गळतो!



गॅरेज टाकायचं ठरवलं की आपण जागा बघतो, जॅक बघतो, कॉम्प्रेसर बघतो, बोर्डावर नाव काय लिहायचं ते ठरवतो. पण नव्या गॅरेजवाल्याचा पहिला मोठा फटका बहुतेक वेळा बोटभर लांबीच्या एका स्टडमुळे बसतो. काम ठरलेलं असतं दोन तासांचं आणि गाडी दोन दिवस उभी राहते. ग्राहक विचारतो, "आणताना तर गाडी चालत होती ना?" आपल्याकडे उत्तर नसतं.

व्हिडिओमध्ये काम दाखवता येतं, हिशोब नीट मांडता येत नाही. म्हणून इथे दोन्ही एकत्र लिहितोय: स्टड कसा काढायचा, आटे परत कसे बसवायचे आणि त्याचे पैसे कसे लावायचे.

उदाहरण म्हणून जुन्या पेट्रोल गाडीच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं काम घेऊ. ॲल्युमिनियमचं हेड, त्यात एम-८ चे लोखंडी स्टड आणि वर्षानुवर्षं तापून-थंड होऊन गंजलेले नट. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे अवस्था आणखी वाईट असते.

आधी हिशोब बघू

समजा तुमचं भाडं ८,००० रुपये, हेल्पर १२,०००, वीज आणि किरकोळ २,००० आणि तुमचा स्वतःचा पगार २०,०००. (हो, स्वतःचा पगार धरायचाच!) महिन्याचे झाले ४२,०००. महिन्यात २५ दिवस, दिवसाला ६ तास प्रत्यक्ष काम धरलं तर १५० तास. म्हणजे तुमचा एक तास तुम्हालाच २८० रुपयांना पडतो.

मॅनिफोल्डचं गॅस्केट बदलायची मजुरी ९०० रुपये ठरवली. काम २ तासांचं, खर्च ५६०, हातात उरले ३४०. आता एक स्टड तुटला. त्यात ४ तास गेले आणि लेथवाल्याला ५०० रुपये दिले. एकूण ६ तासांचे १,६८०, अधिक ५००, म्हणजे २,१८०. मिळाले ९००. तोटा १,२८० रुपये, आणि तोही दिवसभर घाम गाळून!

हे आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. शिकायचं काय, तर स्टड तुटण्याआधी थांबता आलं पाहिजे, आणि तुटलाच तर त्याचे पैसे आधीच बोललेले असले पाहिजेत.

पायरी १: तोडण्याआधीची तयारी

इंजिन थंड असताना स्टडचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून साफ करा. गंज सोडवणारं तेल मारा आणि थांबा. घाई असेल तर अर्धा तास, नसेल तर आदल्या संध्याकाळी मारून ठेवा. मधून मधून नटावर हातोडीने हलके ठोके द्या म्हणजे तेल आत उतरतं.

गोटी सहा कोनीच लावा. बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. नट आधीच गोल झाला असेल तर हे उपाय क्रमाने करा:

- थोडी लहान गोटी ठोकून बसवा. १३ मिलिमीटरच्या झिजलेल्या नटावर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिलिमीटरची गोटी घट्ट बसते.
- जागा असेल तर कानशीने नटाला दोन बाजूंनी सपाट करून व्हाईस ग्रिप लावा.
- नट फोडायचं हत्यार किंवा धारदार छिन्नी वापरून नट चिरा. नट दहा-वीस रुपयांचा आहे, वाचवायचा आहे तो स्टड.

हे जमत नसेल तर उष्णता द्या. नट काढायचा असेल तर नट तापवा, स्टड हेडमधून काढायचा असेल तर स्टडभोवतालचं हेड तापवा. ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सैल होते. पण ॲल्युमिनियम लाल न होताच वितळतं, म्हणून ज्योत एका जागी धरू नका. आजूबाजूचं तेल पुसून घ्या, पेट्रोलची लाईन बाजूला करा, अग्निशामक हाताशी ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नट थोडा सैल झाला की जोर लावून एकदम काढू नका. पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, तेल मारा, परत सोडा. पाना फिरतोय पण हाताला रबरासारखं लवचिक वाटतंय, तर स्टड पिळला जातोय. तिथेच थांबा! अजून थोडा जोर लावला की "कट" असा आवाज येणार आणि तुमचे १,२८० रुपये गेले.

पायरी २: स्टड काढणे

थोडा बाहेर असेल तर: दोन नट लावून एकमेकांवर घट्ट आवळा. आतल्या नटाला पाना लावून सोडा, स्टड बाहेर येतो. नवा स्टड बसवताना उलट, बाहेरच्या नटाला पाना लावायचा.

जेमतेम दिसत असेल तर: त्यावर वॉशर आणि मग नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करा. वेल्ड ॲल्युमिनियमला सहज चिकटत नाही आणि आतून बसलेल्या उष्णतेने गंज सुटतो. लाली जाऊ द्या, थोडं थंड होऊ द्या, मग हळू हलवा. पहिल्या वेळी नट तुटून आला तर परत लावा, तिसऱ्या वेळीही निघू शकतो. वेल्डिंगआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायला विसरू नका, नाहीतर गाडीचे इलेक्ट्रॉनिक भाग जायची भीती असते.

हेडच्या पातळीत किंवा आत तुटला असेल तर: ड्रिल करावं लागेल. तुटलेला भाग कानशीने किंवा छोट्या ग्राइंडरने सपाट करा. सेंटर पंच अगदी मधोमध मारा, कारण पंच चुकला की पुढचं सगळं चुकतं. ३ मिलिमीटरच्या ड्रिलने सुरुवात करा, मग ५. उलटे, म्हणजे डावे फिरणारे ड्रिल मिळाले तर तेच वापरा. कधी कधी ड्रिल करतानाच स्टड फिरून बाहेर येतो.

इथे बहुतेक नवे मेकॅनिक एक चूक करतात. इझी आउट घेतात आणि त्याला मोठा पाना लावतात. इझी आउट फार कडक पोलादाचा असतो, म्हणून वाकत नाही, मोडतो. मोडून आत राहिला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही. मग हेड उतरवून कारखान्यात न्यावं लागतं. ज्या स्टडचं डोकं तेलाला आणि उष्णतेला दाद न देता तुटलं, त्याला बारीक इझी आउट काय हलवणार? हाताच्या हलक्या जोराने सुटला तर ठीक, नाहीतर तो बाजूला ठेवा आणि ड्रिल वाढवत जा. एम-८ च्या १.२५ पिचसाठी ६.८ मिलिमीटरपर्यंत ड्रिल मधोमध गेलं, तर जुन्या आट्यांची फक्त साल उरते. ती टोचणीने काढा आणि टॅप फिरवून आटे साफ करा.

डोळ्यांना गॉगल हवाच. लोखंडाचा एक कण डोळ्यात गेला तर गॅरेज महिनाभर बंद.

पायरी ३: आटे गेले असतील तर

स्टड निघाला पण भोकातले आटेही घेऊन आला, असं ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये अनेकदा होतं. तिथे मोठा स्टड ठोकून बसवणे किंवा एम-सील भरणे हा उपाय नाही. गाडी महिन्याभरात परत येते आणि सोबत तुमचं नावही खराब करून येते.

योग्य उपाय म्हणजे हेलिकॉइल. ही स्टेनलेस स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. कामाचा क्रम असा:

१. किटमध्ये दिलेल्याच मापाचं ड्रिल मारा, भोकाशी सरळ रेषेत.
२. किटमधला खास टॅप फिरवा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. ॲल्युमिनियमला रॉकेल लावलं तरी चालतं.
३. भोक हवेने फुंकून अगदी स्वच्छ करा.
४. गुंडाळी फिरवत आत न्या. वरचं टोक पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा फेरा खाली राहिलं पाहिजे.
५. खालची आडवी शेपटी बारीक पंचने मोडा आणि मोडलेला तुकडा बाहेर काढा.

नीट बसवलेली हेलिकॉइल ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा मजबूत असते, म्हणजे ही तात्पुरती मलमपट्टी नाही. ग्राहकालाही हे समजावून सांगा.

भोक फारच मोठं झालं असेल तर लेथवाल्याकडून बुश करून घ्या. स्पार्क प्लगच्या आट्यांचं काम हेड न उतरवता करत असाल तर टॅपला ग्रीस लावा, म्हणजे किस त्यात चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही.

पायरी ४: नवा स्टड बसवणे

- पिच मोजा. एम-१० मध्ये १.२५ आणि १.५ दोन्ही येतात. चुकीचा स्टड दोन फेरे जातो आणि मग आटे खातो. पिच गेज जवळ ठेवा.
- स्टड मूळ मापाचा आणि दर्जाचाच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा आटे पाडलेला रॉड एक्झॉस्टला चालत नाही.
- ॲल्युमिनियममध्ये स्टडचे आटे व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आत गेले पाहिजेत. एम-८ साठी १२ ते १६ मिलिमीटर.
- स्टड हाताने फिरला पाहिजे. हाताने जात नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका, परत साफ करा.
- बंद भोकात तेल साचू देऊ नका. स्टड आवळताना तेल दाबलं जातं आणि हेडला तडा जाऊ शकतो.
- काही भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात. तिथे सीलंट लावा, नाहीतर कूलंट गळेल.
- एक्झॉस्टवर साधं थ्रेडलॉकर उष्णतेने निकामी होतं. तिथे उष्णता सोसणारं अँटी-सीझ लावा आणि नट नवे, शक्यतो तांब्याचा मुलामा असलेले घ्या.
- नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. इम्पॅक्ट गन इथे नको. आटे जायचं मोठं कारण तीच आहे.

आणि एक मर्यादा. चाक, ब्रेक, स्टिअरिंग यांच्या आट्यांवर जुगाड करायचा नाही, तो भागच बदलायचा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट आणि ज्या हेड बोल्टबद्दल मॅन्युअलमध्ये "पुन्हा वापरू नका" असं लिहिलंय, ते नवेच घ्यायचे. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाचा जीव धोक्यात घालू नका.

आता धंद्याचं बोलू

पाना लावण्याआधी बोला. गंजलेल्या स्टडचा मोबाईलवर फोटो काढा, ग्राहकाला दाखवा आणि सांगा: "साहेब, काम ९०० चं आहे. पण हे स्टड गंजलेत, एखादा तुटू शकतो. तुटला तर प्रत्येकी इतके रुपये वेगळे लागतील. चालेल का?" हेच वाक्य स्टड तुटल्यावर बोललात तर ती सबब वाटते.

जॉब कार्डवर दोन आकडे लिहा. एक सरळ कामाचा, दुसरा तुटलेल्या प्रत्येक स्टडचा. खाली सही घ्या.

चूक कुणाची ते प्रामाणिकपणे ठरवा. गंजामुळे तुटला तर खर्च ग्राहकाचा. तुम्ही वाकडा लावला किंवा जास्त आवळला म्हणून आटे गेले, तर खर्च तुमचा. न मागता कबूल करा. आज १,००० रुपये जातील, पण तो माणूस त्याच्या भावाची गाडीही तुमच्याकडेच आणेल.

वेळेला कुंपण घाला. एका स्टडवर ४५ मिनिटं. निघाला नाही तर थांबायचं आणि लेथवाल्याला किंवा वेल्डरला फोन लावायचा. "आता निघेलच" म्हणत संध्याकाळ कधी होते ते कळत नाही.

हत्यारं टप्प्याटप्प्याने घ्या. आधी सहा कोनी गोट्या, पिच गेज, चांगले ड्रिल, एम-६, एम-८, एम-१० चे टॅप आणि टॉर्क पाना. मग एम-८ चं हेलिकॉइल किट. वेल्डिंग मशीन नंतर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, किंवा तुमच्या जिल्ह्याच्या हार्डवेअर बाजारात दोन-तीन दुकानं फिरून भाव काढा. भांडवल कमी असेल तर मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं.

हात बसला की हाच स्वतंत्र धंदा होऊ शकतो. आसपासच्या गॅरेजना सांगून ठेवा, "तुटलेला स्टड काढून मिळेल, हेलिकॉइल बसवून मिळेल." ज्या कामाला बाकीचे घाबरतात, त्याचे पैसे चांगले मिळतात.

या आठवड्याचा गृहपाठ

भंगारवाल्याकडून एक जुनं ॲल्युमिनियमचं हेड किलोवर घेऊन या. त्यातले ५ स्टड मुद्दाम तोडा आणि वर सांगितलेल्या पद्धतींनी काढा. त्यातल्या २ भोकांचे आटे घालवा आणि हेलिकॉइल बसवा. प्रत्येक स्टडला लागलेली वेळ वहीत लिहा. त्या पाच आकड्यांची सरासरी काढा आणि तुमच्या तासाच्या खर्चाने गुणा. त्यावर सामानाचा खर्च आणि तुमचा नफा चढवला की तुमचा दर तयार!

पाचवा स्टड निघेपर्यंत तुमच्या हाताला कळलेलं असेल की कुठे थांबायचं. ग्राहकाच्या गाडीवर शिकण्यापेक्षा भंगारातल्या हेडवर शिकलेलं कधीही स्वस्त.

चला तर मग, कामाला लागा. भेटू पुढच्या भागात!