विश्लेषण : अमेरिकेतील नामांकित खासगी विद्यापीठात पहिल्या वर्षानंतर ‘ट्रान्सफर’ मिळते का? प्रवेशपत्र हाती आल्यावर आधी काय तपासावे?

बारावीनंतर अमेरिकेत अर्ज करायचे राहून गेले किंवा अर्ज केले आणि सगळीकडून नकार आले. मग पुण्या-मुंबईतील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रवेश झाला. पहिले सेमिस्टर चांगले गेले आणि कोणीतरी सांगितले, ‘अजून वेळ गेलेली नाही, दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर घे.’ असा मार्ग खरोखरच आहे. मात्र ‘प्रवेश मिळेल का’ या प्रश्नावरच बहुतेक घरांतील चर्चा संपते. झालेल्या वर्षातले किती क्रेडिट तिथे धरले जातील आणि पदवीला एकूण किती वर्षे लागतील, हा प्रश्न मागे राहतो. लाखो रुपयांचा फरक त्याच उत्तराने पडतो.

‘ट्रान्सफर’ म्हणजे नेमके काय?

महाराष्ट्रात महाविद्यालय बदलायचे तर जागा रिकामी आहे का आणि गुण किती, हे पाहिले जाते. एनओसी, टीसी आणि मायग्रेशन सर्टिफिकेट मिळाले की काम मार्गी लागते. पदविका करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठीही ठरलेली प्रवेशप्रक्रिया आहे.

अमेरिकेतील खासगी विद्यापीठांत ही बदली नसून नवा प्रवेश असतो. अर्ज, निबंध, प्राध्यापकांची शिफारसपत्रे, महाविद्यालयीन गुण आणि दहावी-बारावीपर्यंतचे शालेय गुण हे सगळे पुन्हा तपासले जाते. बहुतेक नामांकित विद्यापीठे हे अर्ज ‘कॉमन अॅप’ या सामाईक पोर्टलवरून घेतात.

तिथे हा मार्ग जुना आणि रुळलेला आहे. बराक ओबामा यांनी ऑक्सिडेंटल कॉलेजमध्ये दोन वर्षे शिकून १९८१ मध्ये कोलंबिया विद्यापीठात प्रवेश घेतला. डोनाल्ड ट्रम्प हे फोर्डहॅम विद्यापीठातून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमध्ये गेले आणि १९६८ मध्ये तिथून पदवीधर झाले. पदवी प्रमाणपत्रावर आधीच्या महाविद्यालयाचे नाव येत नाही. या मार्गाचे आकर्षण त्यातही आहे.

जागा किती असतात?

पहिल्या वर्षाच्या प्रवेशात विद्यापीठ किती जागा भरायच्या ते आधी ठरवते. ट्रान्सफरमध्ये मात्र कोणी विद्यापीठ सोडले तरच जागा रिकामी होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन अशा ठिकाणी पहिल्या वर्षानंतर सोडून जाणारे विद्यार्थी अगदी थोडे असतात. त्यामुळे जागाही थोड्याच उरतात.

हार्वर्डमध्ये ट्रान्सफरने साधारण डझनभर विद्यार्थी घेतले जातात आणि अर्ज हजाराच्या वर असतात. येलमध्येही हजाराहून अधिक अर्जांतून २० ते ३० जणांना जागा मिळते. प्रिन्स्टनने तर १९९० पासून हा मार्गच बंद ठेवला होता. तो २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला, तेव्हा पहिल्या तुकडीत १३ जणांना प्रवेश देण्यात आला. त्यात कम्युनिटी कॉलेजचे विद्यार्थी, माजी सैनिक आणि कमी उत्पन्न गटातील विद्यार्थी यांच्यावर विशेष भर होता.

काही खासगी विद्यापीठांत मात्र ट्रान्सफर हा प्रवेशाच्या नियोजनाचाच भाग असतो. कॅलिफोर्नियातील यूएससी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, दर वर्षी हजारापेक्षा जास्त ट्रान्सफर विद्यार्थी घेते. आयव्ही लीगमध्ये कॉर्नेलचा ट्रान्सफरचा आकडा इतर विद्यापीठांच्या तुलनेत बराच मोठा असतो.

म्हणून केवळ नावाच्या क्रमवारीनुसार यादी करण्यात अर्थ नाही. बहुतेक विद्यापीठे ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा अहवाल दर वर्षी संकेतस्थळावर टाकतात. त्यातील विभाग ‘डी’ पूर्णपणे ट्रान्सफरविषयी असतो. किती अर्ज आले, किती जणांना प्रवेश मिळाला, प्रत्यक्ष किती आले आणि बाहेरचे जास्तीत जास्त किती क्रेडिट चालतात, हे तिथे फुकट वाचता येते. एजंटला पैसे देण्याआधी मोबाइलवरही पाहता येईल असा हा अहवाल आहे.

अर्ज कोण करू शकते?

पदवीचे किमान एक पूर्ण वर्ष झालेले असावे, ही अट अनेक ठिकाणी आहे. वरची मर्यादाही असते. हार्वर्ड आणि येल दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षण झालेल्यांना घेत नाहीत, कारण तिथली पदवी हवी असेल तर किमान दोन वर्षे तिथेच शिकावे लागते. म्हणजे तिसऱ्या वर्षात असलेल्या इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी ही दारे जवळपास बंद झालेली असतात.

अभ्यासक्रमाचे स्वरूपही आड येते. आधीचे शिक्षण आपल्यासारख्याच व्यापक अभ्यासक्रमाचे असावे, अशी हार्वर्डची अपेक्षा असते. निव्वळ तांत्रिक किंवा व्यावसायिक अभ्यासक्रमातील विद्यार्थी त्यात बसत नाहीत. त्यामुळे फी भरण्याआधी पात्रतेचे पान शेवटपर्यंत वाचावे.

वेळापत्रक का अडते?

येल, प्रिन्स्टन, कोलंबिया आदींची अंतिम मुदत साधारण १ मार्चच्या सुमारास, तर स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलची १५ मार्चच्या आसपास राहिली आहे. यूएससीची मुदत त्याही आधी, फेब्रुवारीत असते. निकाल मे-जूनमध्ये कळतात आणि सत्र ऑगस्टअखेर सुरू होते. स्टॅनफर्डचे सत्र सप्टेंबरअखेर सुरू होते.

आपल्याकडे मात्र मार्चपर्यंत फार तर पहिल्या सेमिस्टरची गुणपत्रिका हाती असते. त्यातही केटी लागली असेल तर ती सगळ्यांना दिसतेच. दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल अनेकदा जून-जुलैत लागतो. तोपर्यंत तिकडे निर्णय होऊन गेलेला असतो आणि अंतिम गुणपत्रिका पाठवण्याची अट बाकी असते.

दुसरी अडचण कार्यालयातील असते. महाविद्यालयाने भरून द्यायचा ‘कॉलेज रिपोर्ट’ आणि चालू सत्रातील प्रगतीचा ‘मिडटर्म रिपोर्ट’ हे आपल्या महाविद्यालयांच्या सवयीचे कागद नाहीत. प्राचार्यांच्या कार्यालयाला ते समजावून सांगावे लागते. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून अधिकृत ट्रान्सक्रिप्ट मिळायलाही वेळ जातो. हे काम डिसेंबर-जानेवारीत सुरू केले तरच मार्चची मुदत गाठता येते.

निबंधात काय पाहिले जाते?

‘तुम्हाला विद्यापीठ का बदलायचे आहे?’ हा या अर्जातील मुख्य प्रश्न आहे. सध्याच्या महाविद्यालयाच्या तक्रारी किंवा नव्या विद्यापीठाची कीर्ती हे त्याचे उत्तर होत नाही. इथे मिळत नाही आणि तिथेच मिळेल असे शैक्षणिक कारण दाखवावे लागते.

समजा, पुण्यात संगणक अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला भाषाविज्ञान आणि संगणक एकत्र शिकायचे आहे. तिच्या अभ्यासक्रमात पहिली दोन वर्षे ऐच्छिक विषयच नाहीत. तिने मराठीतील शब्दरूपे ओळखणारा छोटा प्रोग्राम स्वतः लिहिला आहे आणि एका प्राध्यापकांनी तो पाहिला आहे. तिचे कारण खरे वाटते, कारण त्यामागे केलेले काम आहे. शिफारसपत्रही अशाच प्राध्यापकांचे उपयोगी पडते, ज्यांनी विद्यार्थ्याला वर्गात आणि प्रयोगशाळेत पाहिले आहे. केवळ पद मोठे असून भागत नाही.

झालेल्या वर्षाचे काय होते?

खरा हिशेब इथे सुरू होतो. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, म्हणजे वर्षाला ३०. भारतात मिळवलेले क्रेडिट त्याच आकड्याने तिथे जमा होत नाहीत. नवे विद्यापीठ प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम पाहून तो आपल्या कोणत्या विषयाच्या तोडीचा आहे, हे ठरवते. काही ठिकाणी त्याआधी डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून गुणपत्रिकांचे मूल्यांकन करून घ्यावे लागते.

गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग हे विषय धरले जाण्याची शक्यता बरी असते. वर्कशॉप किंवा इंजिनीअरिंग ग्राफिक्सबाबत तसे सांगता येत नाही. शिवाय तिथे लेखन, इतिहास, समाजशास्त्र, परकीय भाषा असे सर्वांना सक्तीचे विषय असतात. आपल्या पहिल्या वर्षात त्यातले फारसे काही झालेले नसते. आणि ग्रेड सोबत जात नाही. बहुतेक ठिकाणी क्रेडिट जमा होतात, पण जीपीए शून्यापासून सुरू होतो.

आता वरच्या उदाहरणातील विद्यार्थिनीचा हिशेब पाहू. समजा, तिला पूर्ण वर्षाचे ३० क्रेडिट मिळाले. मग ९० उरतात आणि सेमिस्टरला १५ या वेगाने सहा सेमिस्टरमध्ये पदवी होते. पण १८च मिळाले तर १०२ उरतात. सहा सेमिस्टर पुरत नाहीत, सातवे लागते. नामांकित खासगी विद्यापीठांत फी, राहणे-जेवणे धरून खर्च आता वर्षाला सुमारे ९० हजार डॉलरपर्यंत जातो. म्हणजे एका जादा सेमिस्टरचे ४५ हजार डॉलर. डॉलरला ८५ रुपये धरले तरी हे सुमारे ३८ लाख रुपये होतात. केवळ १२ क्रेडिट न धरल्याचा हा खर्च आहे.

अडचण अशी की हे मूल्यांकन बहुतेक ठिकाणी प्रवेश दिल्यानंतरच हाती येते. डिपॉझिट भरण्याची मुदतही त्याच सुमारास असते. त्यामुळे प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम, तासिकांची संख्या आणि वापरलेली पुस्तके यांची पीडीएफ आधीच तयार ठेवावी. मूल्यांकन लेखी आल्याशिवाय डिपॉझिट भरू नये आणि उशीर होत असेल तर मुदतवाढ मागावी.

आर्थिक मदत मिळते का?

मिळू शकते, पण प्रत्येक विद्यापीठाचे धोरण वेगळे असते. अनेक ठिकाणी गुणवत्तेवर आधारित मोठ्या शिष्यवृत्त्या पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठीच असतात. परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली तर प्रवेशाचा निर्णय घेताना स्टॅनफर्ड ती बाब विचारात घेते. आणि अर्जाच्या वेळी मदत मागितली नाही, तर नंतर मागता येत नाही. ‘आधी प्रवेश तर मिळू दे, मग पाहू’ हे धोरण अशा ठिकाणी उलटते.

आधीच अमेरिकेत असलेल्यांचे काय?

एखाद्या विद्यापीठात किंवा कम्युनिटी कॉलेजमध्ये शिकत असलेल्यांना ट्रान्सफर तुलनेने सोपी जाते. त्यांचे क्रेडिट आधीच अमेरिकी पद्धतीचे असतात. यूएससीने कॅलिफोर्नियातील कम्युनिटी कॉलेजांसाठी कोणता विषय कशाच्या तोडीचा, याच्या याद्याच दिल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबांना डी अँझा, फूटहिल ही कॉलेज परिचित आहेत. दोन वर्षे तिथे कमी फीत शिकून पुढे जाण्याचा मार्ग तिथल्या मुलांसाठी नवा नाही.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सेविस या सरकारी प्रणालीतील नोंद नव्या विद्यापीठाकडे वळवून नवा आय-२० घ्यावा लागतो. जुन्या विद्यापीठाचे नाव असलेला व्हिसा मुदतीत असेल तर तो चालतो. मात्र अमेरिकेच्या गृह सुरक्षा विभागाने ऑगस्ट २०२५ मध्ये मांडलेल्या प्रस्तावात, पहिले शैक्षणिक वर्ष पूर्ण होण्याआधी विद्यापीठ बदलण्यावर निर्बंध सुचवले आहेत. त्यामुळे निर्णयाआधी सध्याच्या विद्यापीठातील आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला लेखी विचारणे आवश्यक आहे.

शैक्षणिक कर्जाचाही विचार हवा. बँकेने ते ठरावीक विद्यापीठ आणि अभ्यासक्रम पाहून मंजूर केलेले असते. विद्यापीठ बदलले की बँकेकडे पुन्हा जावे लागते आणि नवी फी जास्त असेल तर जादा तारणाचा प्रश्न येतो.

मग निर्णय कसा घ्यावा?

भारतातून जाणाऱ्याने आय-२० आणि व्हिसा हाती येईपर्यंत इथली जागा सोडू नये. टीसी काढण्याची घाई नको आणि दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही चालू ठेवावा. व्हिसा नाकारला गेला तर तेवढाच आधार उरतो.

प्रवेशपत्र आल्यावर घरात बसून तीन आकडे कागदावर लिहावेत. धरलेले क्रेडिट किती, पदवीला उरलेले सेमिस्टर किती आणि मदत वजा जाता एकूण खर्च किती. मग शेजारी दुसरा हिशेब मांडावा : इथेच पदवी पूर्ण करून दोन वर्षांच्या एमएससाठी गेले तर काय? इंजिनीअरिंग करणाऱ्या बहुसंख्य मराठी मुलांचा हा परिचित रस्ता आहे आणि त्यात झालेले एकही वर्ष वाया जात नाही.

इथे न मिळणारा विषय शिकायचा आहे, क्रेडिट बऱ्यापैकी धरले गेले आहेत आणि पैशांची सोय स्पष्ट आहे, त्याच्यासाठी ट्रान्सफर ही दुसरी खरी संधी आहे. बारावीनंतरचा नकार पुसून काढणे एवढेच कारण असेल, तर त्यासाठी ३८ लाखांचे जादा सेमिस्टर घरच्यांना परवडणार आहे का, हे डिपॉझिट भरण्याआधी विचारायला हवे.