ओला राहून ऊब देणारा पोशाख

रबरी स्लिपर नदीत पडली तर ती तरंगत जाते. अंघोळीचा स्पंज मात्र पाणी पिऊन जड होतो. दोन्हींच्या अंगात असंख्य छिद्रे असताना असे का व्हावे? स्पंजातील छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात, म्हणून पाणी आत शिरते. स्लिपरमधील प्रत्येक बुडबुडा सर्व बाजूंनी बंद असतो. त्यातील वायू बाहेर पडत नाही आणि पाणी आत जात नाही. थंड पाण्यात पोहणाऱ्या खेळाडूंचा ‘वेटसूट’, म्हणजे ओला पोशाख, याच तत्त्वावर तयार होतो.

ट्रायथलॉन या शर्यतीत हा पोशाख वापरतात. आधी पोहणे, मग सायकल आणि शेवटी धावणे, तेही सलग! सन २००० मध्ये सिडनी येथे ही शर्यत प्रथमच ऑलिंपिकमध्ये झाली. तिची अंतरे १.५, ४० आणि १० किलोमीटर आहेत. पोहायचे असते ते बहुधा समुद्रात किंवा सरोवरात. थंड देशांत असे पाणी उन्हाळ्यातही पुष्कळदा १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

१८ अंशांची हवा आपल्याला सुखद वाटते; मग तेवढ्याच तापमानाच्या पाण्यात हुडहुडी का भरते? स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे, म्हणून. शरीराच्या आतील तापमान ३७ अंशांवरून ३५ अंशांखाली गेले, की हातपाय नीट चालत नाहीत आणि विचारही गोंधळतात. खोल पाण्यात ही अवस्था जिवावर बेतते.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१ च्या सुमारास यावर विचार केला. ऊब राहण्यासाठी अंग कोरडे असलेच पाहिजे, असे नाही. कापडात वायू कोंडलेला असला की पुरे, हे त्यांनी ओळखले. त्यासाठी बंद बुडबुड्यांचे निओप्रीन हे कृत्रिम रबर उपयोगी पडले. पोशाखात थोडे पाणी शिरते, पण ते अंगाच्या उष्णतेने लवकरच कोमट होते. खरे उष्णतारोधक असतात ते रबरातील बुडबुडे.

आता असा पोशाख निवडायचा कसा, ते पाहू.

पहिली कसोटी मापाची. पोशाख सैल असेल तर प्रत्येक हाताबरोबर आतले कोमट पाणी बाहेर जाते आणि नवे थंड पाणी आत येते. ते तापवण्यात शरीराची उष्णता वाया जाते. म्हणून काखेत, कमरेच्या मागे आणि मानेपाशी पोकळी राहता कामा नये. पण फार घट्ट पोशाखही धोक्याचा, कारण छाती आवळली की श्वास अपुरा पडतो. पोशाख चढवून दीर्घ श्वास घ्यावा आणि दोन्ही हात डोक्यावर ताणावेत. दोन्ही गोष्टी सहज जमल्या, तर माप बरोबर आहे असे समजावे.

दुसरी कसोटी जाडीची. येथे आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. पोशाखाचे क्षेत्रफळ १.५ चौरस मीटर आणि सरासरी जाडी ३ मिलिमीटर धरली, तर त्याचे आकारमान ४.५ लिटर होईल. तो तेवढेच, म्हणजे ४.५ किलोग्रॅम पाणी बाजूला सारील. पोशाखाचे स्वतःचे वजन दीड किलोग्रॅम धरले, तरी ३ किलोग्रॅम वजन उचलण्याइतके प्लावक बल फुकट मिळाले! फुप्फुसांतील हवेमुळे आपली छाती तरंगते, पाय मात्र खाली जातात. म्हणून मांड्यांवर जाड रबर चांगले, तर खांद्यावर पातळ, कारण हात दर वेळी फिरवावा लागतो.

पाणबुड्याचा पोशाख येथे चालेल का? नाही. तो जास्त ताठ असतो. ट्रायथलॉनच्या पोशाखाचा पृष्ठभाग पाण्याचा विरोध कमी व्हावा म्हणून गुळगुळीत ठेवतात. शिवाय पुढे सायकलवर बसायचे असल्याने तो झटकन उतरला पाहिजे.

प्लावक बलाचा हा गैरफायदा कोणी घेऊ नये, म्हणून जागतिक नियमांनी जाडीवर ५ मिलिमीटरची मर्यादा घातली आहे. अव्वल खेळाडूंना पाणी २० अंश किंवा अधिक असेल तर हा पोशाख घालताच येत नाही. गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली ट्रायथलॉन झाली, तेथील समुद्र ऑक्टोबरात साधारण २८ अंशांचा असतो. पोहताना स्नायूंतील बहुतेक ऊर्जेची उष्णता होते. कोमट पाण्यात रबराने तिचीही वाट अडवली, तर शरीर तापून खेळाडू आजारी पडेल. तेव्हा कोठे कोणता पोशाख घ्यावा याआधी, तो घ्यावा की नाही हे थर्मामीटरला विचारावे!

एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गरम पाणी भरा. एकीला बुडबुड्यांचा पॅकिंगचा कागद दोऱ्याने घट्ट बांधा, दुसरीला तोच सैल गुंडाळा. दोन्ही थंड पाण्याच्या बादलीत ठेवून पाणी ढवळत राहा आणि दर पाच मिनिटांनी तापमान मोजा. कोणती बाटली आधी निवेल, आणि का?