पीपीएफ लावायचं की नाही? गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्या गाडीचं कर्ज, विमा आणि नोंदणी यांचा हिशेब मिटतो न मिटतो तोच शोरूममध्ये आणखी एक दरपत्रक पुढे सरकतं: ‘साहेब, पीपीएफ करून घ्या, रंगाची चिंताच नको.’ पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, गाडीच्या रंगावर चिकटवायचा पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हेलिकॉप्टरची पाती वाळू-खड्यांनी झिजू नयेत म्हणून अमेरिकेत अशी फिल्म वापरात आली. तिथून ती शर्यतीच्या गाड्यांवर आणि पुढे घरच्या गाड्यांवर पोहोचली. वस्तू खरी आहे, उपयोगाची आहे. पण ती कशाला उपयोगी आणि कशाला नाही, याबद्दल विकणारे आणि नावं ठेवणारे दोघंही बरंच काही ठोकून देतात.

गैरसमज १: सिरॅमिक कोटिंग केलं की फिल्म कशाला? ते तर ‘९एच’ कडक असतं.

वस्तुस्थिती: इथे जाडी पाहिली की निम्मा वाद मिटतो. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातला सर्वांत वरचा चमकदार क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. सिरॅमिक कोटिंग त्यावर काही मायक्रॉनची भर घालतं. पीपीएफ मात्र १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे मुळातल्या रंगाहूनही जाड, आणि लवचीक. समोरच्या डंपरमधून उडालेली खडी बॉनेटवर आदळते तेव्हा हा लवचीक थर धक्का स्वतःत जिरवतो. सिरॅमिकला ते जमत नाही. खालच्या रंगाचा टवका उडायचा तो उडतोच.

‘९एच’ हा आकडाही नीट समजून घ्यायला हवा. ती पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाची श्रेणी आहे. खनिजांची कठीणता मोजणाऱ्या मोह्स मापनातल्या ९ शी, म्हणजे माणकाच्या कठीणतेशी, तिचा संबंध नाही. सिरॅमिकचा खरा फायदा वेगळा आहे: पाणी आणि चिखल टिकत नाही, धुणं सोपं होतं, चमक राहते. दोन्ही करायचंच असेल तर आधी फिल्म, तिच्यावर सिरॅमिक. उलट क्रमाने केलं तर निसरड्या थरावर फिल्म नीट धरत नाही.

शोरूममध्ये ‘टेफ्लॉन कोटिंग’ नावाचा तिसरा प्रकारही खपवला जातो. खरं टेफ्लॉन पृष्ठभागावर पक्कं बसायला ३०० अंशांहून जास्त तापमान लागतं. त्यात गाडीचा रंगच जळून जाईल. या नावाखाली मिळतं ते बहुधा काही महिन्यांत उतरणारं पॉलिश असतं.

गैरसमज २: फिल्म लावली की गाडीला काही होत नाही.

वस्तुस्थिती: जाडी पुन्हा आठवा: कागदाचे दोन ताव एकावर एक ठेवले की होईल तेवढी. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारच्या गाडीचं दार आपटलं तर पोचा पडणारच. रिक्षा घासून गेली तर फिल्म फाटेल. रंग वाचला तर नशीब.

गंजाचा विषय तर निराळाच. रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत गाडी सडते ती बहुतेक खालून आणि सांध्यांतून. तिथे फिल्म नसतेच. किनाऱ्यावर राहणाऱ्याने पहिला पैसा गाडीच्या खालच्या अँटी-रस्ट कोटिंगवर आणि पावसाळ्यानंतर खालून पाणी मारून धुण्यावर घालावा.

गैरसमज ३: ओरखडे आपोआप बुजतात, म्हणून गाडी कशीही पुसली तरी चालते.

वस्तुस्थिती: चांगल्या फिल्मच्या वरच्या थरात ऊब मिळाली की सपाट होण्याचा गुण असतो. उन्हात ठेवली किंवा कोमट पाणी ओतलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे नाहीसे होतात. किल्लीने मारलेली रेघ किंवा आरपार गेलेला काप बुजत नाही. तो तुकडा बदलावा लागतो.

हे बारीक ओरखडे येतात कुठून, हेही पाहायला हवं. रोज सकाळी गाडी पुसणारा एकच बादली आणि एकच फडकं घेऊन आठ-दहा गाड्या उरकतो. धूळ भिजवून न धुता कोरडीच पुसली की तीच धूळ पॉलिश पेपरचं काम करते. ही सवय बदलायला पैसे लागत नाहीत. भरपूर पाणी, मायक्रोफायबरचं कापड, साबणाच्या आणि साध्या पाण्याच्या वेगळ्या बादल्या एवढ्यावर फिल्मशिवायही रंग कैक वर्षं चांगला राहतो.

गैरसमज ४: फिल्म पिवळी पडते आणि काढताना रंग उपटते.

वस्तुस्थिती: ही तक्रार जुन्या किंवा हलक्या मालाची. स्वस्त पीव्हीसीची फिल्म आपल्या उन्हात पिवळी पडते, कडक होते, मग काढताना तिचे तुकडे पडतात. अतिनील किरणांना टिकणाऱ्या चांगल्या टीपीयूला, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनला, हा त्रास फार कमी. दोन्ही प्रकार ‘पीपीएफ’ या एकाच नावाने विकले जातात, त्यामुळे माल टीपीयूचा आहे का, हे बिलावर लिहून घ्या. भाव फारच कमी सांगितला तर तिथेच शंका घ्यावी.

कारखान्यातल्या मूळ रंगावरून अशी फिल्म गरम करून सावकाश काढली तर रंगाला धक्का लागत नाही. गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेल्या भागावर मात्र जोखीम असते. खालची तयारी कच्ची असेल तर फिल्मबरोबर रंगाचा पोपडाही येतो.

गैरसमज ५: नव्या गाडीचा रंग पक्का व्हायला काही महिने जाऊ द्यावेत.

वस्तुस्थिती: कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. गाडी तुमच्या हाती येते तेव्हा तो पूर्ण पक्का झालेला असतो. उलट, थांबलात तर पहिले टवके याच काळात उडतील आणि ते फिल्मखाली कायमचे दिसत राहतील. थांबायचं ते डेंटिंग-पेंटिंग केलेल्या भागासाठी. तिथे रंग कमी तापमानावर वाळवतात, म्हणून काही आठवडे जाऊ द्यावेत.

गैरसमज ६: गाडीवर फिल्म दिसली की पोलीस दंड करतात.

वस्तुस्थिती: ही भीती काचेवरच्या काळ्या फिल्ममुळे आली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बडगा उगारला तो काचांवरच्या फिल्मवर. पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, ही अट काचांची आहे. रंगावरच्या पारदर्शक फिल्मशी तिचा संबंध नाही. मात्र रंगीत फिल्म लावून पांढऱ्या गाडीची काळी केलीत, तर बदललेल्या रंगाची नोंद आरटीओत करून आरसीवर घ्यावी लागते.

गैरसमज ७: लावायची तर पूर्ण गाडीला, विकताना पैसे वसूल होतात.

वस्तुस्थिती: जुन्या गाडीचा भाव मॉडेल, वर्ष, किलोमीटर आणि अपघाताचा इतिहास यांवर ठरतो. रंग चांगला असेल तर गाडी लवकर खपते, पण फिल्मवर घातलेले पैसे कुणी मोजून परत देत नाही. वर एक घोळ होऊ शकतो: खरेदीदाराचं रंगाची जाडी मोजणारं यंत्र फिल्मसकट जाडी दाखवतं आणि गाडी लांबी भरून रंगवल्यासारखी वाटते. म्हणून बिल जपून ठेवा.

शिवाय खडीचा मार सगळीकडे सारखा नसतो. पुढचा बंपर, बॉनेटची पुढची कड, आरशांच्या पाठी आणि चाकांमागचा दाराखालचा पट्टा इथे तो सर्वांत जास्त. छतावर तो जवळपास नसतोच.

मग ठरवायचं कसं?

आठवड्यातून दोनदा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा काम चालू असलेल्या महामार्गावर डंपरांच्या मागे धावणाऱ्या गाडीला पुढच्या भागाची फिल्म नक्की उपयोगी. दारांच्या कडा, हँडलमागची वाटी आणि डिकीचा उंबरठा यांवर छोटे तुकडे लावले तर थोड्या पैशांत बरंच भागतं. पूर्ण गाडीची फिल्म छोट्या गाडीलाही बरीच महाग पडते. गडद किंवा मॅट रंग आणि गाडी सात-आठ वर्षं ठेवायचा बेत असेल तरच तिचा विचार करावा. मॅट रंगावरचा ओरखडा पॉलिश करून काढता येत नाही, हे त्यामागचं मोठं कारण. शहरात हळू चालणारी, तीन-चार वर्षांत बदलायची गाडी असेल, तर तेच पैसे बाजूला ठेवा. एखाद-दुसरा भाग पुन्हा रंगवायची वेळ आलीच तर ते कामी येतील.

काम द्यायच्या आधी चार गोष्टी विचारा. फिल्म यंत्रावर आधीच कापून आणणार की गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार? ब्लेड चुकलं तर रेघ रंगावरच उमटते. कडा आत वळवणार का? वॉरंटी कंपनीची की दुकानाची? आणि त्यात पिवळेपणा, तडे, सुटणं यांखेरीज काय येतं? दगडाने पडलेला काप सहसा कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. फिल्मचा खर्च गाडीच्या विम्यात आपोआप धरलेला असतो, असंही समजू नका. तो पॉलिसीत वेगळा नोंदवता येतो का, हे विमा कंपनीला विचारा. उत्तरं तोंडी मिळाली तर ती बिलावर लिहून घ्या, आणि मगच आगाऊ रक्कम द्या.