विश्लेषण : बर्फ वेळेवर पडला नाही, तर गुलमर्गचे काय होते?

गेल्या वर्षी म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेची तयारी सुरू होती, पण उतारांवर पुरेसा बर्फच नव्हता. २२ फेब्रुवारीपासूनची स्पर्धा पुढे ढकलावी लागली. ती ९ ते १२ मार्चदरम्यान पार पडली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२४ च्या जानेवारीत तर ऐन हंगामात तिथे वाळलेले तपकिरी गवत दिसत होते. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या स्कीइंग केंद्रावर ही वेळ का येते?

गुलमर्गला स्कीइंग आले कधी?

श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर, पीर पंजाल रांगेत २,६५० मीटर उंचीवर हे पठार आहे. जुने नाव गौरीमार्ग. गुलमर्ग हे नाव सोळाव्या शतकात युसूफ शाह चक या सुलतानाने दिल्याचे सांगतात. ब्रिटिश अधिकारी उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळायला येत. १९२७ मध्ये त्यांनीच स्की क्लब काढला. फाळणीनंतर हे गोरे हौशी निघून गेले, पण स्की मागे राहिल्या, त्या लष्कराच्या कामासाठी. १९४८ मध्ये मेजर जनरल थिमय्या यांच्या १९ व्या इन्फंट्री डिव्हिजनने इथे स्की शाळा सुरू केली. तीच आजची ‘हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’. नागरिकांसाठी प्रशिक्षण संस्था आली ती १९६० च्या दशकाच्या अखेरीस.

बहुतेक पर्यटकांना मात्र गुलमर्ग ठाऊक झाले ते सिनेमातून. ‘बॉबी’मधली खोली आजही घोडेवाले आवर्जून दाखवतात.

गोंडोलाने काय बदलले?

जवळपास सगळेच. फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीच्या तंत्रज्ञानावरच्या या रोपवेचे काम दहशतवादाच्या काळात रखडले होते. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गहून कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर नेतो. इतक्या उंचीवर माणसांना नेणारे रोपवे जगात मोजकेच आहेत.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी केबिनमधून वर जातात, भाड्याच्या गमबुटांत बर्फ तुडवतात, फोटो काढतात आणि परततात. त्याच केबिनमधून स्की घेऊन वर गेलेला परदेशी पर्यटक खाली येतो तो बर्फावरून. युरोपातल्या स्की केंद्रांवर यंत्रांनी दाबून सपाट केलेल्या पट्ट्या असतात. अफरवटवरचे बहुतेक उतार जसेच्या तसे, कोरडा आणि भुसभुशीत बर्फ पांघरलेले. कसलेल्या स्कीपटूंना याचेच आकर्षण असते.

धोकाही त्यातच आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये हिमस्खलनात लष्करी शाळेचे १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर पोलंडच्या दोघा स्कीपटूंचा बळी गेला. गस्ती पथकाने उतार बंद ठेवला असेल, तर हुज्जत घालू नये.

मग बर्फाचे गणित कुठे बिघडते?

काश्मीरचा हिवाळी बर्फ मोसमी वाऱ्यांचा नाही. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ बाष्प आणतात, पीर पंजालला अडतात आणि थंडीत ते बर्फ होऊन पडते. २१ डिसेंबरपासूनचे ४० दिवस, काश्मिरी भाषेत ‘चिल्लई कलां’, हे सर्वांत कडाक्याच्या थंडीचे. या काळात पडलेला बर्फ घट्ट बसतो, थरावर थर चढतात आणि हंगाम लांबतो. तोच बर्फ फेब्रुवारीच्या अखेरीस पडला, तर दिसायला तेवढाच असतो, पण ऊन तापू लागलेले असल्याने लवकर वितळतो. म्हणजे प्रश्न किती बर्फ पडला एवढाच नसून कधी पडला हाही आहे. २०२४ मध्ये नेमके हेच झाले. डिसेंबर आणि जवळपास सगळा जानेवारी कोरडा गेला, बर्फ आला तो महिनाअखेरीस. त्या फेब्रुवारीतल्या स्पर्धा त्यामुळे निभावल्या, पण तोवर हॉटेलांतली कितीतरी आरक्षणे रद्द झाली होती.

कृत्रिम बर्फ फवारून भागेल का? आल्प्समधली अनेक केंद्रे तसे करतात. त्यासाठी भरपूर पाणी, वीज आणि शून्याखालचे तापमान लागते. कोरड्या, उबदार हिवाळ्यात नेमके तापमानच साथ देत नाही. शिवाय फवारलेला बर्फ शर्यतीच्या पट्टीपुरता असतो. अफरवटचे अख्खे उतार झाकणे त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. गुलमर्गची सगळी भिस्त आभाळावरच.

फटका कुणाला बसतो?

स्लेज ओढणारे, स्की भाड्याने देणारे, प्रशिक्षक, टंगमर्गचे टॅक्सीवाले. यातल्या अनेकांची वर्षाची कमाई याच दोन-अडीच महिन्यांत होते. आरिफ खान हा याच भागातला. वडिलांचे गुलमर्गमध्ये स्की साहित्याचे दुकान होते, आणि तो लहानपणीच या उतारांवर शिकला. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा तो एकमेव खेळाडू होता. जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. त्याच्यासारखी पोरे आजही शिकतात ती डोंगरावर बर्फ असेल तितकेच दिवस.

जाणाऱ्यांसाठी एवढेच : गोंडोलाची तिकिटे आधी ऑनलाइन काढावीत, आणि सोसाट्याचा वारा सुटला की दुसरा टप्पा बंद होतो, म्हणून एक दिवस हाताशी ठेवावा.