खालांची ओळख

रमजानमधली दुपार. कापडावर काम करणाऱ्या गावातल्या आम्हा बायकांची पहिली बैठक. दर महिन्याला एक विषय, त्यावर प्रत्येकीने कापडाचे काहीतरी करून आणायचे. पहिला विषय 'कोपरा'. आधी ओळखी झाल्या. कुणी भरतकाम शिकवते, कुणी बाटिक करते. शेवटी एक खाला पुटपुटल्या, "मी कलाकार नाही हो. गोधड्या शिवते."

मला कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका आठवल्या. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, सगळ्याच घरांत त्या जुन्या कपड्यांच्या 'कवंदी' गोधड्या शिवतात. सुरुवात कडेपासून, मग आत आत मधोमध. शेवटी चारही कोपऱ्यांना घड्या घातलेल्या तुकड्यांची 'फुला' लावायची. ती नसेल तर गोधडी नागडी, असे त्या मानतात. थंडीसाठी शिवलेल्या याच गोधड्या 2011 मध्ये न्यूयॉर्कच्या शॉम्बर्ग केंद्रात प्रदर्शनात लागल्या.

हे सांगितले, तर खालांचा प्रश्न, "घडी किती पदरी घालतात?" ते काही मला सांगता आले नाही. "बघते करून. पण ईदनंतर हं, कुर्त्यांचा ढीग पडलाय." वहीत नावापुढे 'कलाप्रकार' असा रकाना होता. माझे पेन घेऊन खालांनी तिथे 'गोधडी' लिहिले.