सही येते, म्हणून काय झालं?

‘आमच्या घरात अडाणी कोणी नाही. आईसुद्धा सही करते.’ शिरूर-दौंड पट्ट्यात प्रौढ शिक्षणाचा विषय काढला की हे उत्तर हमखास मिळतं. तेही अभिमानानं, त्यामुळे खोडून काढणं जिवावर येतं. पण सही रांगोळीसारखी गिरवून पाठ होते, तिच्यासाठी वाचता यावं लागत नाही. जनगणनेच्या लेखी साक्षर कोण? सात वर्षांवरील, कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येणारी व्यक्ती. ‘समजून’ हा शब्द आपण सोयीनं गाळतो.

आणि हे या भागाला सांगावं लागावं? १८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकाराला वाळीत टाकलं. १२ मे १८७५ला तेव्हाच्या भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात उठाव झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. लोकांना हवे होते सावकाराकडचे कर्जरोखे, जाळायला. त्या रोख्यांवर कुणब्यांची नांगराची निशाणी रीतसर होती. वर काय लिहिलंय ते मात्र सावकार वाचून दाखवील तेवढंच कळायचं. १८७९च्या कायद्यानं शेतकऱ्याचे दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिण्याची सक्ती केली. म्हणजे सरकारनं वाचणारा नेमला. शेतकऱ्याला वाचायला शिकवणं राहिलंच. फुले दांपत्यानं पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली होती ती १८५५ साली, या उठावाच्या वीस वर्षं आधी.

आज नांगराच्या जागी सही आली, एवढंच. सोसायटीचं कर्ज, जामीनकीचा कागद, बचत गटाचा ठराव. हक्कसोडपत्रावरची बहिणीची सही तर बहुधा सुरेखच असते! प्रौढ शिक्षण हवं ते सहीच्या वरचा मजकूर वाचण्यासाठी.

‘या वयात काय डोक्यात शिरणार?’ दौंड तालुक्यातल्याच केडगावला जाऊन या. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आलेल्या बायका अक्षरं शिकल्या आणि छापखान्यात खिळेही जुळवू लागल्या. मुरबाडजवळ फांगण्यात २०१६ला आजीबाईंची शाळा भरली.

‘पुणे जिल्हा साक्षर झालाय.’ २०११च्या जनगणनेत ८६ टक्के, बायकांत ८१. शाळकरी पोरंही त्यातच मोजलेली.

‘मोबाइलवर बोललं की काम होतं.’ होतं. बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज मात्र वाचावाच लागतो.

‘नापास झालं तर लाज.’ ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेची परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात. वय १५च्या पुढे कितीही चालतं.

तेव्हा आईची सही दाखवू नका. विजेचं बिल तिच्यापुढे धरा आणि भरायची शेवटची तारीख विचारा. नाही सांगता आली, तर जवळच्या जिल्हा परिषद शाळेत तिचं नाव घाला.